उन्हात दिसणारं जाळं: गाडीच्या रंगावरचे चरे घरच्या घरी कसे घालवायचे

सकाळी नऊ-साडेनऊच्या उन्हात गाडी अशी उभी करा की बोनेटमध्ये सूर्य दिसला पाहिजे. त्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात का बघा. आता दोन पावलं बाजूला सरका. जाळंही तुमच्याबरोबर सरकतं. म्हणजे रेघा मुळात गोल नाहीतच. बोनेटभर सगळ्या दिशांना हजारो बारीक चरे पसरलेले असतात आणि त्यांतले उजेडाला आडवे आलेले तेवढेच चमकतात, म्हणून ते वर्तुळ उमटतं. यालाच डिटेलिंगवाले स्वर्ल मार्क म्हणतात. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ते सहज नजरेत भरत नाहीत, पण असतात. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर इतके उठून दिसतात की तीन वर्षांची गाडी दहा वर्षांची वाटायला लागते.

माझी गाडी गडद निळी आहे आणि मी राहतो कोल्हापूर-सांगली पट्ट्यात, म्हणजे उसाच्या मुलखात. इथे गाडीच्या रंगाला जे जे सोसावं लागतं, ते सगळं तिने सोसलं आहे. गेली काही वर्षं मी ती, घरच्यांच्या आणि मित्रांच्या गाड्या स्वतः पॉलिश करतो. नव्याने शिकणाऱ्याला जे सगळ्यात आधी कळायला हवं, तिथूनच सुरुवात करतो.

चरा निघत नाही, आजूबाजूचा थर खाली येतो

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा इ-कोट असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपले पेंटर त्याला नुसतं ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी झळाळी या थरात आहे, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला सांभाळणारी द्रव्यंही याच थरात आहेत.

उन्हात दिसणारं जाळं या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या भागात असतं. पॉलिश करणं म्हणजे चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणणं. कड उरली नाही की उजेड तिथे अडखळत नाही आणि चरा दिसेनासा होतो. कटिंगच्या, म्हणजे जोरात घासण्याच्या, एका फेरीत साधारण एक ते तीन मायक्रॉन जातात. ऐकायला कमी वाटतं, पण क्लिअर कोट ही काही विहीर नाही. उपसला की पुन्हा पाझरत नाही. दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेतलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. टपावर आणि बोनेटवर पांढुरके पापुद्रे सुटतात आणि मग पूर्ण पॅनेल रंगवण्याशिवाय इलाज राहत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: शक्य तितकं कमी घासायचं, आणि घासण्याआधी चरे येण्याचं कारण बंद करायचं. शेकडा ऐंशी चरे गेले की थांबायचं. उरलेले वीस घालवायच्या नादात सगळ्यात जास्त क्लिअर कोट खर्च होतो.

हे चरे येतात कुठून

बहुतेक चरे गाडी पुसताना येतात. रोज सकाळी पार्किंगमध्ये एक बादली आणि एक फडकं घेऊन दहा गाड्या पुसल्या जातात. आदल्या गाडीच्या मडगार्डवरची माती त्याच फडक्यातून आपल्या बोनेटवर येते. धुळीतल्या वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे असतात. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्ज मापावर क्वार्ट्झचा कठीणपणा ७, तर चाकूच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे कोरड्या धुळीवरून फडकं फिरवणं हे पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच आहे. पिसांचा किंवा सुती झाडण्याचा ब्रश मऊ असला तरी धूळ तीच असते. धुळकट गाडीवर घातलेलं कव्हरही वाऱ्याने हलत राहून रात्रभर घासतं.

आमच्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की आणखी दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे राख. कुठे पाचट पेटवलेलं असतं, कुठे कारखान्याच्या चिमणीतून बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी उडते. पहाटे गाडीवर काळे, हलके, पाकळ्यांसारखे तुकडे पडलेले असतात. बोटाने उचलायला जावं तर चुरा होतो आणि काळी रेघ उमटते. या राखेत सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, भरपूर असते. ती फुंकून किंवा पाण्याच्या धारेने घालवायची. फडक्याने कधीच नाही.

दुसरी गोष्ट पाणंदीतली. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून गाडीपुरती वाट. उसाच्या पाल्याची धार हाताला कापते, हे शेतात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तोच पाला दोन्ही दारांवरून सरसरत जातो. शेतावरून परतल्यावर दारं धुऊन तिरक्या उजेडात बघा: आडव्या, लांब, केसासारख्या रेघा पुढच्या फेंडरपासून मागच्या दारापर्यंत गेलेल्या दिसतील. बहुतेक उथळ असतात आणि पॉलिशने जातात. ओव्हरलोड ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या कांडीने ओढलेला चरा मात्र खोल असतो.

दसऱ्याचंही सांगायला हवं. आपण गाडीची पूजा करतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो, झेंडूची माळ बांधतो. पूजेआधी गाडी धुऊन घ्यावी, म्हणजे स्वस्तिक काढताना बोटाखाली धूळ येत नाही. माळ तारेत ओवलेली असेल तर गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी उतरवावी. वाऱ्याने ती तार बोनेटच्या पुढच्या कडेवर आपटत राहते. हळद-कुंकू त्याच संध्याकाळी आधी नुसत्या पाण्याने वाहू द्यावं.

चरा किती खोल आहे, हे आधी ठरवा

गाडी धुऊन वाळल्यावर चऱ्यावरून नख हलकेच आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर चरा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल. नख किंचित अडकलं तर तो पूर्ण जाणार नाही, पण कडा गोलावल्या की लांबून दिसणार नाही. नख सरळ आत पडलं तर पॉलिशच्या नादाला लागू नका.

दुसरी परीक्षा पाण्याची. चऱ्यावर थेंबभर पाणी टाका. ओला असताना दिसेनासा झाला तर बहुधा क्लिअर कोटपुरताच आहे. पाण्याखालीही पांढुरका किंवा राखाडी दिसत असेल तर प्रायमर उघडा पडला आहे. धातूची चकाकी किंवा तांबूस ठिपका दिसला तर पत्रा उघडा आहे. तिथे झळाळीचा विचार बाजूला ठेवून आधी गंजाचा बंदोबस्त करायचा.

तिसरा प्रकार खूप जण ओळखत नाहीत. पार्किंगमध्ये दुसरी गाडी किंवा खांब घासला की त्याचा रंग आपल्या रंगावर बसतो. तो चरा वाटतो, पण खरं तर तिथे काही कमी झालेलं नसून वर चढलेलं असतं. मायक्रोफायबरच्या टोकावर थोडं कंपाउंड (पॉलिशपेक्षा जोरात घासणारी पेस्ट) घेऊन हाताने चोळलं की बराचसा निघतो, आणि खाली खरा चरा किती आहे ते मग कळतं.

एक सूचना. गाडीचा रंग मॅट असेल तर इथून पुढचं काहीही करू नका. पॉलिश केलं की तेवढाच भाग चमकतो आणि तो पूर्ववत करता येत नाही.

धुणं: अर्धं काम इथेच आहे

पॉलिशच्या दिवशीचं धुणं नेहमीपेक्षा जास्त काळजीने करा, कारण मशीनच्या पॅडखाली राहिलेला एक कण सगळं बिघडवतो.

गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने वरून खाली सगळी गाडी भिजवा, चाकांच्या कमानी आणि दारांचे खालचे भाग दोनदा. मग दोन बादल्या घ्या. एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनेल पुसायचं, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. बादलीच्या तळाशी बसणारी जाळी मिळाली तर घ्या. माती जाळीखाली राहते. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, दारांचा खालचा भाग, बंपर, या क्रमाने उतरायचं. हात सरळ रेघेत फिरवायचा, गोल गोल नाही. चाकांसाठी वेगळं फडकं, आणि ते पुन्हा रंगाला लावायचं नाही. मोजा जमिनीवर पडला तर तो पूर्ण धुतल्याशिवाय वापरायचा नाही. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

भांड्यांचा साबण रोजच्या धुण्याला नको. तो मेण आणि सीलंट, म्हणजे रंगावरचे संरक्षक थर, काढून टाकतो. बोअरचं पाणी क्षाराचं असेल, जसं नदीकाठच्या आमच्या बऱ्याच गावांत आहे, तर ते गाडीवर वाळू देऊ नका. पांढरे डाग पडतात आणि उन्हात ते क्लिअर कोटमध्ये रुततात. शेवटचं पाणी तरी नळाचं घ्या आणि मोठ्या, जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपा. टॉवेल पसरायचा, थोपटायचा, उचलायचा.

राहिलेला चिकटा

धुतलेल्या, वाळलेल्या बोनेटवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ब्रेकचे लोखंडी कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, हवेतून बसलेला रंग, असं सगळं रुतून बसलेलं असतं.

डांबर टार रिमूव्हरने काढा. लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर मारला की काही मिनिटांत जांभळे ओघळ दिसायला लागतात. वाळायच्या आत धुऊन टाका. त्याचा वास उग्र असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करा. त्यानंतर क्ले बार, म्हणजे रुतलेला मळ ओढून घेणारी मऊ वडी. पुरीच्या लाटीएवढा तुकडा घ्या, हाताने मळून चपटा करा, पत्र्यावर क्ले ल्युब्रिकंट भरपूर मारा आणि अजिबात न दाबता पुढे-मागे सरकवा. सुरुवातीला क्ले अडखळतो, आवाज करतो; मग एकदम सुळकन सरकायला लागतो. तो भाग झाला. क्लेवर मळ दिसला की घडी घालून नवा भाग वर घ्यायचा. जमिनीवर पडलेला क्ले टाकून द्यायचा, धुऊन वापरायचा नाही. क्लेमुळेही थोडे चरे येतात, म्हणून तो पॉलिश करणार असाल तेव्हाच वापरा.

आता चिन्हं, रबरी बीडिंग, काळे प्लास्टिकचे भाग आणि पॅनेलच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. काळ्या प्लास्टिकवर कंपाउंडचे पांढरे डाग बसले की ते काढायला पॉलिशपेक्षा जास्त वेळ जातो.

मशीन कोणतं

हाताने पॉलिश होतं का? दाराच्या हँडलमागे नखांनी पडलेले चरे, आरशाच्या कडेचा ओरखडा, एवढ्यापुरतं होतं. पूर्ण बोनेटवरचं जाळं हाताने एकसारखं घालवणं फार कठीण आहे.

मशीन दोन प्रकारची. रोटरी, म्हणजे गॅरेजमध्ये ‘बफिंग’ला वापरतात ती, एकाच अक्षावर गोल फिरते. ती जोरात कापते आणि एका जागी पटकन तापते. दुसरी ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए. तिचा पॅड फिरतोही आणि डोलतोही, त्यामुळे उष्णता पसरते, आणि जास्त दाब पडला की पॅडचं फिरणं आपोआप थांबतं. नव्याने शिकणाऱ्याने डीएच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. माझ्या गाडीच्या बोनेटवर जी उभी घडी आहे, तिच्यावर एका गॅरेजात रोटरी दोन-तीन सेकंद जास्त रेंगाळली. बोटभर लांबीचा क्लिअर कोट गेला. पावसात बोनेट ओलं झालं की ती जागा आजही निस्तेज दिसते. घडीवर, कडेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो.

१५ मिमी थ्रो (पॅडच्या डोलण्याचा घेर), पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची चकती) आणि साडेपाच इंची फोमचे पॅड ही जोडी घरच्या कामाला योग्य. पॉलिशिंगचे तीन-चार पॅड आणि कटिंगचे दोन. पॅडच्या रंगावर जाऊ नका, कारण कंपन्यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. रुपेसमध्ये निळा सगळ्यात जास्त कापणारा आणि पांढरा सगळ्यात मऊ. दुसऱ्या कंपनीत क्रम वेगळा. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. सोबत एक कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश, डझनभर मायक्रोफायबर टॉवेल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चांगली टॉर्च. मोबाइलचा दिवाही चालतो.

रंगाची जाडी मोजणारं मीटर कुणाकडून मिळालं तर प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा. १०० ते १४० च्या आसपास आकडे आले तर काळजी नाही. ८० च्या खाली आले तर ते पॅनेल आधीच घासलेलं असू शकतं. तिथे फिनिशिंग पॉलिशच्या पुढे जाऊ नका. २०० च्या वर आले तर पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे असं समजा. आकडा जास्त आहे म्हणून तिथे बिनधास्त घासू नका. जाडी पुट्टीची असू शकते, क्लिअर कोटची नव्हे.

पहिलं पॅनेल भंगारातलं

मशीन आणल्या दिवशी गाडीला हात लावू नका. भंगारवाल्याकडून एखादं जुनं दार किंवा बोनेट आणा. गडद रंगाचं मिळालं तर उत्तम. त्यावर दोन संध्याकाळ घालवा. कडेवर मुद्दाम मशीन रेंगाळवून बघा, क्लिअर कोट जाताना कसा दिसतो ते डोळ्यांना कळू द्या. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडवर आणि टॉवेलवर पांढुरका मळ येतो. तिथे गाडीचा रंग उतरायला लागला, तर क्लिअर कोट संपला आहे. त्या क्षणी थांबायचं. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या, साध्या रंगाच्या गाड्यांवर रंग उतरणं नेहमीचं आहे. म्हणूनच आधी कुठल्या तरी आडोशाच्या जागी घासून बघा.

टेस्ट स्पॉट

बोनेटचा सपाट भाग निवडा, दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने: पॉलिशिंग पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पुढे सांगितल्याप्रमाणे चौकोन एकदा पूर्ण करून टॉर्चखाली बघा. जाळं बरंचसं गेलं असेल तर संपूर्ण गाडीला हेच पुरेसं आहे. नसेल तर पॅड तोच, पॉलिशऐवजी कंपाउंड. तरीही नसेल तर कटिंग पॅड आणि कंपाउंड, आणि त्यानंतर धुरकटपणा घालवायला पुन्हा पहिली जोडी. काही गाड्यांचा क्लिअर कोट मऊ असतो, काहींचा टणक; शेजाऱ्याच्या गाडीला जे लागू पडलं ते तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. टेस्ट स्पॉटला तासभर गेला तरी जाऊ द्या. या तासात सापडलेली जोडीच पुढे सगळ्या गाडीला लावायची आहे.

मशीन कसं चालवायचं

नव्या पॅडच्या तोंडावर थोडं पॉलिश बोटाने चोळून बसवा, मग हरभऱ्याएवढे चार थेंब ठेवा. पॅड पत्र्यावर टेकवा आणि मगच बटण दाबा. हवेत सुरू केलं तर पॉलिश भिंतीपर्यंत उडतं. मशीनचा वेग एक नंबरवर ठेवून चौकोनभर पसरवून घ्या, नंतर चार-पाचवर न्या.

आता हात हळू. सेकंदाला दोन बोटं रुंदी, एवढाच वेग. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, फरशी पुसल्यासारखं मशीन फिरवलं जातं. एका सरळ पट्ट्यात जायचं, परतताना आधीच्या पट्ट्याचा निम्मा भाग पुन्हा घ्यायचा. चौकोन आडवा झाला की तोच उभा करायचा. अशा चार ते सहा फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक ठळक रेघ मारून ठेवा: रेघ फिरताना दिसत असेल तर पॅड फिरतो आहे. रेघ नुसती थरथरते आहे असं दिसलं तर दाब जास्त झाला किंवा पॅड वाकडा टेकला. वायर खांद्यावरून मागे टाका. ती बोनेटवर लोळली की नवे चरे पडतात.

मधूनमधून तळहाताची पाठ पत्र्याला लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांतून उष्णता निघून जात नाही, म्हणून तिथे वेग कमी आणि फेऱ्याही कमी. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सहा ते नऊ या वेळेतच करा.

चौकोन झाला की मशीन पत्र्यावर टेकलेलं असतानाच बंद करा. टॉवेलची घडी उलगडून स्वच्छ बाजूने पुसा. लगेच पॅड साफ करा: मऊ ब्रश धरून मशीन हळू फिरवलं की अडकलेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश भुकटीसारखं बाहेर पडतं. हे प्रत्येक चौकोनानंतर करायचं. दोन पॅनेल झाली की पॅड बदला, ओला झालेला पॅड कापत नाही.

मग खरी तपासणी. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं आणि चरे गेल्यासारखे वाटतात. अर्ध्या तासात ‘रबिंग-पॉलिश’ करून आणलेली गाडी दोन-तीन धुण्यांनंतर पुन्हा तशीच दिसते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. एक भाग अल्कोहोल आणि चार-पाच भाग पाणी असं मिश्रण स्प्रे बाटलीत भरा, चौकोनावर मारून पुसा आणि टॉर्च तिरकी धरून बघा. आता जे दिसतं ते खरं. माझ्या निळ्या बोनेटवर पहिला चौकोन असा पुसला, तेव्हा टेपच्या एका बाजूला धुकट राखाडी झाक होती आणि दुसऱ्या बाजूला रंगातले धातूचे कण एकेक वेगळे मोजता येत होते. मशीन हातात धरून मी तिथेच उभा राहिलो होतो.

पूर्ण गाडीला नवख्या माणसाला दोन दिवस लागतात. एका रविवारी बोनेट, पुढच्या रविवारी एक बाजू, असंही चालतं. थकलेल्या हाताने कडेजवळ काम करू नका.

नख अडकणारे चरे

इथे टचअप. गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेला असतो. त्या कोडचीच बाटली घ्या, नजरेने रंग जुळवू नका. चरा धुऊन अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच खरवडा आणि आधी प्रायमरचा ठिपका द्या. बाटलीतला ब्रश जाड असतो. त्याऐवजी टूथपिकच्या टोकाने चऱ्याच्या आत रंग भरा, बाहेर नाही. एक पातळ थर, वाळू द्या, मग दुसरा. एकाच दमात भरलेला रंग वाळताना आकसतो आणि खड्डा राहतो. शेवटी क्लिअरचा थर. उंचवटा राहिला तर २००० किंवा ३००० नंबरच्या पेपरने ओलं घासतात, पण ते काम पहिल्याच वर्षी हाती घेऊ नये. उंचवटा राहिलेला परवडतो, आजूबाजूचा क्लिअर कोट गेलेला नाही. पत्रा उघडा पडलेला कुठलाही चरा मेअखेरपर्यंत झाकून टाका. कोकणात, गोव्यात खारी हवा आहे, तिथे तर आठवडाही थांबू नका.

टूथपेस्ट, रॉकेल, खोबरेल यांचे सल्ले बरेच मिळतील. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्याने बारीक रेघ फिकी होते, पण भोवतीचा क्लिअर कोट धुरकट होतो. तेलं फक्त चरा झाकतात, आणि वर धूळ धरून ठेवतात.

वरून काय लावायचं

पॉलिशने आधीचं मेण-बिण सगळं निघून गेलेलं असतं, म्हणून त्याच दिवशी संरक्षक थर द्या. कार्नोबा मेण काही आठवडे टिकतं, सिंथेटिक सीलंट काही महिने, सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त. सिरॅमिकच्या जाहिरातीत लिहिलेलं ‘९एच’ हे पेन्सिलच्या कठीणपणाचं माप आहे, खनिजांचं नाही. त्याने धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. वाळूचा चरा थांबत नाही. चरा खरोखर थांबवायचा तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, आणि ती महाग. पहिल्या वेळी सीलंट घ्या.

दुसऱ्या दिवसापासून

आमच्याकडे गाडी पुसायला येणाऱ्या मामांना मी आधी नवीन फडकी आणून दिली. ती चार दिवसांत पहिल्या फडक्यांसारखीच झाली. मग एका सकाळी बोललो.

“मामा, कोरडं फडकं नका मारू. आधी पाणी मारा.”

“पाण्याला वेळ जातोय की ओ. दहा गाड्या हायत.”

त्यांचं बरोबर होतं. मी म्हणालो, “मग रोज नका करू. आठवड्यातनं दोनदाच करा, पैसे तेवढेच घ्या.”

आता ते बुधवारी आणि रविवारी येतात. माझ्या गाडीची बादली आणि मोजा वेगळा ठेवला आहे. मधल्या दिवसांत गाडी धुळकट दिसते, तशीच राहू देतो. पाणीटंचाईच्या महिन्यांत रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाण्याने धुवावं न लागणारं औषध, वापरतो: आठ-दहा लिटर पाण्यात ते औषध टाकायचं, सात-आठ मायक्रोफायबर त्यात भिजत घालायचे, एक फडकं एका पॅनेलला, आणि वापरलेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही. जतसारख्या दुष्काळी भागात राहणाऱ्या माझ्या मित्राची काळी गाडी वर्षभर अशीच धुतली जाते. पॉलिश केल्याला पाऊस उलटून गेला, आणि सकाळच्या उन्हात तिच्या बोनेटवर अजून एकटा सूर्यच दिसतो.